वेताची खुर्ची कोणी विणली? डोंगरावरच्या घरांच्या सजावटीचा न सांगितलेला इतिहास

१/ महाबळेश्वर-पाचगणीकडच्या नव्या बंगल्यांची छायाचित्रे पाहिली तर एक दृश्य हमखास आढळते. काचेची मोठी खिडकी, पलीकडे दरी, अलीकडे वेताची खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेली घोंगडी आणि कोपऱ्यात पितळी घंगाळात लावलेले झाड. खाली ओळ असते : ‘संपूर्ण हस्तनिर्मित सजावट’. हात होता एवढे कळते. कोणाचा होता हे कळत नाही. हा धागा त्या हातांविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ सुरुवात १८२९ पासून. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून महाबळेश्वरच्या पठारावरील जागा मिळवली. मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव दिले. तत्पूर्वी, १८२४ मध्ये, जनरल लॉडविक हा लष्करी अधिकारी पठारावर येऊन गेला होता. माल्कमच्या नावाने ‘माल्कम पेठ’ वसली. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे कृष्णेच्या उगमाचे देवस्थान, त्याच्या कित्येक शतके आधीपासून तिथे होतेच. तेव्हा महाबळेश्वर ‘शोधले’ ही भाषा आता तरी सोडून द्यावी.

३/ साहेबाने बंगला बांधला. दगड जांभा तिथलाच, लाकूड जवळच्या रानातले, छपराला गवत. प्रश्न पुढचा होता : आत बसायचे कशावर? या प्रश्नाचे उत्तर साधे नव्हते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंची, घाटवाटा अवघड, आणि प्रत्येक वस्तू माणसाच्या डोक्यावरून, बैलाच्या पाठीवरून नाहीतर गाडीतून वर चढवायची. ज्या वस्तूचे वजन जास्त, तिची किंमत वर पोहोचेपर्यंत आणखी जास्त.

४/ त्या काळी मुंबईत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिसवी लाकडाचे नक्षीदार फर्निचर मिरवत असे. इंग्रज त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणत. वेली, फुले, पक्षी यांनी खच्चून भरलेली कोरीव पाठ, आणि हलवायला चार माणसे. मुंबईत ते शोभून दिसले. डोंगरावर त्याचा उपयोग काय? वर्षातले काही महिने राहायचे, पावसाच्या तोंडावर घर बंद करून उतरायचे. असल्या घराला हत्ती पोसणे परवडत नाही.

५/ आणि पाऊस. महाबळेश्वरचा पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. घराच्या भिंती गवताच्या तट्ट्यांनी झाकून घेतल्या तरी ओल आत शिरते. गादीला वास येतो, चामड्याला बुरशी चढते, सरसाने चिकटवलेले सांधे सुटतात, कपाटाचे दार फुगून बसते. ऑक्टोबरात परतलेल्या मालकाला आपलेच सामान ओळखू येऊ नये, अशी गत होते. या हवामानात टिकेल, हलके असेल आणि जागच्या जागी तयार होईल असे सामान हवे होते. ते कुठून आले, तर तुरुंगातून.

६/ माल्कम पेठेत १८३४ च्या सुमारास एक तुरुंग उभा राहिला. त्यात प्रामुख्याने चिनी आणि मलायी कैदी होते; क्षमता सुमारे सव्वाशेची. १८६४ मध्ये तो बंद झाला. म्हणजे थंड हवेचे ठिकाण म्हणून महाबळेश्वर घडत होते, त्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांतील बहुतेक काळ हा तुरुंग तिथे होता. बाजारपेठ, रस्ते, बागा आणि तुरुंग ही सगळी एकाच वस्तीची अंगे होती.

७/ चिनी माणसे सह्याद्रीत कशी आली, असे कोणालाही वाटेल. पिनांग, सिंगापूर आणि मलाक्का मिळून ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ नावाची वसाहत केली होती. तिथल्या गुन्हेगारांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली की हिंदुस्थानात पाठवत. उलट हिंदुस्थानातले कैदी सिंगापूरला जात. १८२५ पासून १८७३ पर्यंत हा प्रकार चालला. सिंगापुरातील सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांनी बांधले आहे. इकडची माणसे तिकडे चर्च बांधत होती, तिकडची माणसे इकडे खुर्च्या विणत होती. शिक्षेचा अर्थच मुळी माणसाला त्याच्या भाषेपासून आणि मुलखापासून तोडणे हा होता. त्यातून फुकट मजूर मिळत, हा दुसरा लाभ.

८/ १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील सातारा खंडात या कैद्यांची नोंद आहे. त्यांनी रस्ते केले. बटाटा आणि विविध भाज्यांची लागवड सुधारली. सुटकेची सवलत मिळालेल्यांपैकी काहींनी तिथेच मळे केले. आणि ते वेताचे काम करत : खुर्च्या, टोपल्या. हे काम स्थानिक लोकांनी त्यांच्याकडून उचलले. महाबळेश्वरच्या बाजारात पुढे नावारूपाला आलेल्या वेतकामाचा एक ठळक धागा असा तुरुंगाच्या भिंतीआड जाऊन पोहोचतो.

९/ यात योगायोग कमी आणि भूगोल जास्त आहे. वेताची मोठी जंगले मलाया, सुमात्रा, बोर्निओ या भागांत; त्याचा मोठा व्यापार सिंगापूरच्या बंदरातून चाले. त्या मुलखातल्या माणसांच्या बोटांना वेत ठाऊक असणारच. सरकारने माणसे हद्दपार केली. त्यांच्या बोटांतली विद्या त्यांच्यासोबत आली. ती काही दंडाधिकाऱ्याच्या निकालपत्रात लिहिलेली नव्हती.

१०/ आता वेत डोंगरावर का चालला, तेही पाहावे. बांबू पोकळ असतो, वेत आतून भरीव. तापवला की हवा तसा वाकतो आणि थंड झाल्यावर तो आकार धरून ठेवतो. सांध्याला सरस लागत नाही. सालीच्या पातळ पट्ट्या गुंडाळून सांधा आवळता येतो. त्यामुळे ओलीत थोडा फुगला, उन्हात थोडा आकसला तरी सांधा तुटत नाही. खुर्ची एका हाताने उचलता येते. बुरशी वेतावरही येते, पण ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवली की जाते. बैठक झिजली तर खुर्ची टाकावी लागत नाही. तेवढी वीण उसवून नवी घालता येते. डोंगरावरच्या घराला आणखी काय हवे?

११/ म्हणजे आज जी वस्तू ‘सौंदर्यदृष्टी’ म्हणून विकली जाते, ती मुळात वजन, ओल आणि वाहतूक या तीन अडचणींवरचे उत्तर होती. आणि ते उत्तर शोधणाऱ्यांना ती खुर्ची वापरण्याची मुभा नव्हती. आरामखुर्ची विणणारा माणूस रात्री कोठडीच्या जमिनीवर झोपत होता, हा तपशील कोणत्याही सजावटीच्या पानावर छापला जाणार नाही. छापायला हवा.

१२/ भाज्यांची गंमत बघा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या नावे महोत्सव होतात, फलक लागतात, आणि ते योग्यच आहे. कष्ट आज तिथले शेतकरी करतात. मात्र या पठारावरील बागायतीच्या आरंभी ज्यांनी माती उकरली त्यांच्या नावाचा साधा दगडही बाजारपेठेत ठळकपणे दिसत नाही. ‘पॉइंट’ मात्र साहेबांच्या नावांचे : लॉडविक, आर्थर, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन. ज्याने दरी पाहिली त्याचे नाव दरीला. ज्याने बसायला खुर्ची दिली तो ‘चिनी कैदी’.

१३/ हे महाबळेश्वरपुरते नव्हते. निलगिरीत नडुवट्टमला सिंकोनाच्या लागवडीवर चिनी कैदी राबले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील तुरुंग हे हस्तकलेचे मोठे कारखाने होते. इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यातील वॉटर्लू दालनात अंथरलेला प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विणला. पुण्याच्या येरवडा कारागृहातील कारखान्यांत आजही सागवानी सामान तयार होते आणि लोक ते आवडीने विकत घेतात. टिकाऊ असते, यात वाद नाही.

१४/ इथे एक आक्षेप रास्त आहे. कैद्यांच्या श्रमातून आलेली असली तरी कला टिकली, स्थानिकांना रोजगार मिळाला, मग आता दीडशे वर्षांपूर्वीचे रडगाणे कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध तेव्हा पटला असता, जेव्हा आज कारागिराचे नाव वस्तूवर असते. तसे नाही. तुरुंगात माणसाचा क्रमांक होता, दुकानात वस्तूला बारकोड आहे. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द हाताची किंमत वसूल करतो आणि हाताचा मालक मात्र गाळून टाकतो. ही सवय १८३४ च्या तुरुंगात जशी होती तशीच आजच्या दुकानात आहे; म्हणून हे आठवायचे.

१५/ सामान वर कसे गेले, हा दुसरा गाळलेला अध्याय. हिमालयातील थंड हवेच्या ठिकाणांवर तो सर्वात उघडा दिसतो. सिमला, मसुरी, नैनिताल इथल्या बंगल्यांतील जड सामान पहाडी माणसांच्या पाठीवरून चढले. कुमाऊंत ‘कुली बेगार’ नावाची सक्तीची पद्धत होती. साहेबाचा मुक्काम हलला की गावाने हमाल पुरवायचे, आणि गावप्रमुखाकडे त्याच्या नोंदवह्या. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी त्या वह्या सरयूच्या पाण्यात फेकल्या. बद्रीदत्त पांडे त्या आंदोलनाचे एक नेते. सिमल्याच्या बाजूला सॅम्युअल स्टोक्स याने बेगारीविरुद्ध लढा दिला. सफरचंदांमुळे त्याचे नाव राहिले. बेगारीसाठी तो कमी आठवला जातो.

१६/ इंग्रज येण्यापूर्वी सारे आलबेल होते, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. वेठबिगार मराठी राज्यातही होती. किल्ल्यावर गवत, लाकूड, दगड वाहून नेण्यासाठी घाटमाथ्याची माणसे वेठीला धरली जात आणि त्यात कोणत्या जातीच्या वाट्याला काय येई, तेही ठरलेले होते. आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगताना ही पाने चिकटवून ठेवण्याची हुशारी अनेकजण करतात.

१७/ युरोपातही डोंगरी सजावटीची गोष्ट फार वेगळी नाही. आल्प्समधल्या घरांत दिसणारी लाकडी अस्वले, म्हणजे अस्वलाच्या आकाराचे छत्र्यांचे स्टँड, बाके, घड्याळे, बरीच वर्षे जर्मनीतील ‘ब्लॅक फॉरेस्ट’ची म्हणून विकली गेली. ती मूळची स्वित्झर्लंडमधील ब्रिएंत्स या गावची. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिके बुडाली. त्या भुकेच्या दिवसांत क्रिस्टियान फिशर या ब्रिएंत्सच्या माणसाने प्रवाशांना विकण्यासाठी लाकूड कोरायला घेतले. गाव त्याच्या मागे गेले. पर्यटकाला जे ‘डोंगराचे प्राचीन रूप’ वाटते, ते पुष्कळदा एखाद्या दुष्काळाच्या वर्षी सुरू झालेले असते.

१८/ आता परत सह्याद्रीत, पण बंगल्यातून उतरून शेजारच्या वाडीत. जावळी-कोयनेच्या खोऱ्यातील कुणबी, कोळी, धनगर यांच्या घरांत फर्निचर म्हणावे असे काही नव्हतेच. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर गवताचे छप्पर. बसायला जमीन किंवा पाट, निजायला घोंगडी. सामान भिंतीत आणि आढ्याला : कोनाडा, खुंटी, फळी, दुधादह्याचे शिंके. धान्याची कणगी म्हणजे घरातले सर्वांत मोठे ‘फर्निचर’. चूल पेटती राहायची, तिचा धूर छपरात मुरायचा आणि त्यामुळे गवताला कीड लागत नसे. घर काळवंडे, पण टिके. आज त्या काळ्या वाशांची नक्कल करण्यासाठी नव्या लाकडाला रंग फासतात.

१९/ घोंगडीविषयी थोडे सविस्तर, कारण हल्ली ती फार फोटोंत दिसते. दख्खनी मेंढीची लोकर. कातरणी धनगराची, सूतकताई बहुधा त्यांच्या बायकांची, विणकाम सणगरांचे, खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर. सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि अंगाला टोचते. वापरता वापरता मऊ होते. ओली झाली तरी ऊब देते. पावसात डोक्यावरून खोळ करून घेता येते. मेंढपाळाचे अंथरूण, पांघरूण आणि छत्री एकच. तिचा काळा रंग रंगाऱ्याने दिलेला नसतो, तो मेंढीचा असतो.

२०/ हीच घोंगडी ‘थ्रो’ या नावाने सोफ्यावर आली की पहिली तक्रार असते, टोचते. मग मऊ परदेशी लोकर किंवा सरळ अॅक्रिलिक मिसळून ‘घोंगडीसारखी’ वस्तू बाजारात येते. दख्खनी लोकरीला भाव नाही म्हणून मेंढपाळ कातरलेली लोकर टाकून देतो. आणि इकडे तिच्या नकलेला गिऱ्हाईक आहे. याला काय म्हणावे?

२१/ बुरुडाचे काम हा वाडीच्या घराचा खरा कणा. सूप, रोवळी, टोपली, कणगी, डालगे, पावसाळी इरले, कुडाचे तट्टे : बांबूशिवाय घाटमाथ्यावरचा संसार उभाच राहत नव्हता. तरीही बुरूड जातीच्या उतरंडीत तळाशी. महाराष्ट्रात ही जमात अनुसूचित जातींत मोडते. लग्नात वधूच्या सुपात-दुरडीत शुभ मानली जाणारी वस्तू विणणारा माणूस मांडवाबाहेर उभा असे. साहेबाच्या तुरुंगाने कारागिराचे नाव पुसले असे म्हणताना, आपण ते आधीच पुसलेले होते, हेही म्हटले पाहिजे.

२२/ मग जंगल कायदे आले. १८६५ चा पहिला, १८७८ चा अधिक कडक, त्यावर बेतलेला १९२७ चा. राखीव जंगलातून काठी तोडणे गुन्हा ठरला. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत. कायद्याने त्याला ‘वृक्ष’ ठरवले. ही व्याख्या बदलायला २०१७ उजाडले, आणि तीही केवळ जंगलाबाहेरच्या बांबूपुरती. बुरुडाच्या चार-पाच पिढ्या एका व्याख्येच्या धाकात कच्चा माल मिळवत राहिल्या. या काळात प्लास्टिकची टोपली आली, तिला कोणाच्या परवान्याची गरज नव्हती.

२३/ महाबळेश्वरच्या परिसरातील धावडांचे तर सगळेच संपले. जांभ्यातील खनिजापासून लोखंड गाळणारा हा मुसलमान समाज. कोयते, विळे, बिजागऱ्या यांचे लोखंड त्यांच्या भट्टीतून येई. भट्टीला कोळसा लागे, कोळशाला लाकूड. जंगलावर निर्बंध आले आणि विलायती लोखंड स्वस्त झाले, भट्ट्या विझल्या. आज ‘हाताने घडवलेल्या’ लोखंडी कड्या नि दिवे महाबळेश्वरच्या बंगल्यांत लागतात ते दूरच्या कुठल्या शहरातून मागवून.

२४/ बंगल्यांत आज नेमके काय लावले जाते? जोधपूरहून आलेली आंब्याच्या नाहीतर शिसमाच्या लाकडाची टेबले, मुद्दाम झिजवलेली, मुद्दाम म्हातारी केलेली. पाडलेल्या वाड्याचा दरवाजा, आडवा करून वर काच टाकली की कॉफी टेबल. जात्याची तळी बागेत पायवाटेला. घंगाळात मनीप्लांट. दिवा न लावलेली समई. यातली प्रत्येक वस्तू सुंदर आहे. वाड्याचे दार मातीत जाण्यापेक्षा टेबल झालेले बरे, हा युक्तिवादही मान्य करता येईल. खटकते ते वेगळेच : या साऱ्यांतून ‘सह्याद्रीतील घर’ असे जे चित्र तयार होते, त्यात सह्याद्री कुठेच नाही.

२५/ आणि सह्याद्री त्याचा हिशोब चुकता करतो. राजस्थानच्या कोरड्या हवेत वाळवलेले लाकूड महाबळेश्वरच्या जुलैत पाणी ओढून घेते. फुगते. खण अडकतात, फळीला पाक येतो, मार्चमध्ये तीच फळी आकसून चिरते. दोष जोधपूरच्या सुताराचा नाही. त्याने ज्या हवेसाठी वस्तू केली ती हवा इथे नाही. १८३० च्या दशकातील साहेबाला जे दोन पावसाळ्यांत कळले ते आजच्या गिऱ्हाइकाला कळायला वेळ लागतो, कारण आता तुटलेली वस्तू दुरुस्त करायची नसते. दुसरी मागवायची असते.

२६/ या साऱ्यातून एक मत ठामपणे मांडावेसे आहे. डोंगरावरचे घर सजवताना ‘हाताने केलेले’ ही कसोटी अपुरी आहे. वस्तू दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर राहतो, ही कसोटी लावावी. खुर्चीची बैठक उसवली तर वाईच्या किंवा साताऱ्याच्या बाजारात ती पुन्हा विणून देणारा कोणी आहे का? असेल तर ती खुर्ची त्या घराची. नसेल तर ती प्रदर्शनातली वस्तू, मग ती कितीही हातांनी केलेली असो. हस्तकला दुकानातून जगत नाही. ती दर तीन-चार वर्षांनी परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगते.

२७/ ‘इतके महाग का?’ हा प्रश्न बुरुडाला विचारला जातो, सजावटकाराला नाही. तीच टोपली आठवडी बाजारात घासाघीस करून घ्यायची आणि शहरातल्या दालनात दिव्याची छत्री म्हणून दहापट देऊन घ्यायची, हे सुशिक्षितांच्या घरी सर्रास घडते. मधला फरक कोणाच्या खिशात जातो, हे सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही.

२८/ २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. बांधकामावर मर्यादा आल्या. तरी बंगले वाढतच आहेत, थोडे खाली, थोडे बाजूला, खोऱ्याच्या कडेने. प्रत्येक नव्या घराला खुर्च्या लागतील, तट्टे लागतील, पांघरुणे लागतील. म्हणजे या घडीला सह्याद्रीतील बुरूड, सणगर, सुतार यांना शतकातली सर्वांत मोठी बाजारपेठ त्यांच्या दारात उभी आहे. आणि त्यांच्या दारावरून मालाचे ट्रक घाट चढून जात आहेत.

२९/ करण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत, म्हणून त्या होत नसाव्यात. माल्कम पेठेतील जुन्या तुरुंगाच्या परिसरात एक फलक लावावा : इथे चिनी आणि मलायी कैदी होते, त्यांनी हे रस्ते केले, या बागा केल्या, या खुर्च्या विणल्या. हॉटेलांनी आणि बंगल्यांनी वेतबांबूच्या वस्तूवर विणणाऱ्याचे नाव आणि गाव लिहावे, जसे चित्रावर चित्रकाराचे असते. एखाद्या संग्रहालयाने जुन्या बंगल्यांतली वेताची एखादी खुर्ची तरी जतन करावी. बंगला विकला गेला की हे सामान भंगारात निघते. शिसवी कपाटाला मुंबईच्या चोरबाजारात गिऱ्हाईक मिळते, वेताची मोडकी खुर्ची बंबात जाते.

३०/ ज्यांच्या घरी अशी जुनी खुर्ची आहे त्यांनी ती एकदा उलटी करून पाहावी. वरची वीण पुष्कळदा नवी असते. खालच्या बाजूला, पायांना आवळून धरणाऱ्या पट्ट्यांची मूळची गाठ कधीकधी तशीच शाबूत सापडते. तिचे छायाचित्र काढून, घर कुठले, खुर्ची कधीपासून आहे आणि शेवटची कोणाकडून विणून घेतली, एवढे या धाग्याखाली लिहावे. विणणाऱ्याचे नाव आठवत असेल तर आधी ते.